चार नंबरचा म्हातारा

माझ्या वाढदिवसाला मुलीने मला एक स्पीकर आणून दिला. सोललेल्या नारळाएवढा, काळा, ना कुठे वायर ना कुठे धड बटण. ती लग्नानंतर कल्याणला राहते आणि आम्ही दोघं डोंबिवलीत, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी चक्कर होते तिची. तिने स्पीकर टीव्हीच्या बाजूला ठेवला, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, सांगा आता. कॉलेजात असताना तुम्ही इंग्लिश गाणी ऐकायचात ना, त्यातलं कोणाचं लावू?"

मी म्हणालो, "चार नंबरच्या म्हाताऱ्याचं लाव."

"कोणाचं?"

"चार नंबरच्या कॅसेटवर एक म्हातारा गायचा. त्याचं."

"बाबा, नाव सांगा. नाव टाकल्याशिवाय कसं शोधणार?"

नाव मला माहीत नव्हतं. हे तिला पटेना. ज्याचं गाणं अंघोळ करताना मी आयुष्यभर गुणगुणलो, ज्याच्यापुढे मला दुसरा कोणी गायक कधी भावला नाही, त्याचं नाव बापाला ठाऊक नाही म्हणजे काय. "बरं, मग गुणगुणा. फोन ओळखतो हल्ली," असं म्हणून तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी घसा साफ करून सुरुवात केली. फोनने एकदा लग्नातलं पंजाबी गाणं सांगितलं, एकदा कसलीशी आरती. बायको स्वयंपाकघरातून हसली. मीही हसलो, पण मनातून जरा खट्टू झालो. मग मी मुलीला पहिल्यापासून सांगायला बसलो. सांगता सांगता लक्षात आलं की त्या गाणाऱ्यांबद्दल जे काही मला माहीत आहे, ते सगळं आम्हीच ठरवलेलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. मी ठाण्यात कोपरीत वाढलो, चाळीत. वडील मूळचे कोकणातले, कारखान्यात टाइमकीपर. मित्र खाडीकडच्या कोळीवाड्यातला, त्याच्या वडिलांची होडी होती आणि आई बाजारात मासळी घेऊन बसायची. शाळेपासून एका बाकावर. त्याचा मोठा भाऊ बोटीवर कामाला होता, वर्ष-दीड वर्षाने महिनाभर घरी यायचा. आम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तो अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला आणि सोबत रेकॉर्डचा एक गठ्ठा. तिकडची वीज वेगळी असते म्हणून मधे लावायला एक जड ट्रान्सफॉर्मर. तो तापला की घरभर वास सुटायचा.

भावाने सुट्टीभर बसून त्या रेकॉर्डवरून कॅसेटी भरल्या, एकूण सात. प्रत्येक कॅसेटवर बॉलपेनने आकडा टाकला, बाकी काही नाही. परत जायच्या आधी त्याने प्लेअर आणि रेकॉर्ड दोन्ही कोणाला तरी देऊन टाकले. पुढे तो तिकडेच कुठेतरी स्थायिक झाला, पत्रं येईनाशी झाली. आमच्याकडे राहिल्या त्या सात कॅसेटी आणि एक साधा टेपरेकॉर्डर.

त्या काळात आमच्या ओळखीत इंग्लिश गाणी ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. कोणाला विचारणार? शब्द दहातला एक कळायचा. म्हणून आम्हीच एकेकाला नाव दिलं. एक नंबरवर एक ढोलवाला होता, तो असा सावकाश आणि इतका दणकून वाजवायचा की आम्ही त्याला लोहार म्हणायचो. दोन नंबरवर दोन गिटारी एकमेकींशी बोलायच्या, ते आमचे दोघे भाऊ. मोठा समजावतोय आणि धाकटा ऐकत नाही, असं आमचं मत होतं. तीन नंबरवर एक माउथ ऑर्गनवाला होता, त्याला दमा असणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती. एका गाण्यात तर तो मधेच खोकतो. आणि चार नंबरवर म्हातारा.

या म्हाताऱ्याबद्दल मी आता काय सांगू. आवाज जाड, आतून खरवडलेला. घाई नाही. एक ओळ म्हणायचा आणि मग इतका वेळ थांबायचा की वाटायचं, आटपलं बहुतेक. आणि मग पुढची ओळ यायची, जणू उठताना त्याला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. एका गाण्यात तो सारखं "रिव्हर, रिव्हर" म्हणायचा. मित्र म्हणायचा, हा नावाडी आहे, होडीच्या टोकाला बसून गातोय. माझं म्हणणं होतं की तो बारक्या स्टेशनवरचा निवृत्त मास्तर आहे, त्या गावाजवळ नदी आहे. यावरून आमचे वाद व्हायचे. रद्दीवाल्याकडे एक परदेशी मासिक मिळालं, त्यात हॅट घातलेल्या एका वृद्ध माणसाचा फोटो होता, हातात गिटार. आम्ही तो कापून चार नंबरच्या डबीत घातला. झालं, चेहराही मिळाला.

दुसऱ्या वर्षाला असताना मित्राचे वडील गेले. सकाळी होडी काठाला लावून खाली उतरले आणि तिथेच बसले, ते उठले नाहीत. मित्र एकोणीसचा होता. दिवस झाल्यानंतर मी रोज दुपारी त्याच्याकडे जायचो. तो काही बोलायचा नाही. जाळी ठेवायच्या खोलीत टेपरेकॉर्डर होता, तिथे तो चार नंबर लावायचा, संपली की उलटी करून पुन्हा. महिना दीड महिना हेच चाललं होतं. एकदाच म्हणाला, "हा म्हातारा बोलतो ना, तेव्हा मला जरा बरं वाटतं रे." मी मान हलवली. मला काय बोलावं ते कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हातारा होता म्हणून मला बोलावं लागत नव्हतं.

पुढे मित्राने गिटार घेतली. शिकवायला कोणी नाही, कॅसेट लावून वाजवायचा. कॅसेटशी सूर जुळावा म्हणून तारा सैल करायचा, इतक्या की त्या बोटाखाली हलायच्या. नंतर तो ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो आणि जवळपास कुठे कार्यक्रम असला की मी कोपऱ्यात उभा राहून त्याला शोधायचो. हिंदी गाण्यांच्या मागे त्याची ती जाडसर, पडेल गिटार मला लगेच ओळखू यायची.

माझं लग्न झालं, कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी लागलेली होती, डोंबिवलीत जागा घेतली. मी कोपरी सोडली त्या दिवशी मित्र आला आणि त्याने माझ्या हातात चार नंबरची कॅसेट ठेवली. फोटोसकट. मी नको म्हणालो, तर म्हणाला, "ठेव रे." एवढंच. आयुष्यात मला कोणी दिलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणून मी तिच्याकडे पाहत आलो. बापाच्या जागी असलेला माणूस त्याने मला देऊन टाकला, असं मी बायकोलाही सांगितलेलं.

मुलीने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग ती कॅसेट आहे ना?"

होती. माझा टेपरेकॉर्डर मात्र कधीच बंद पडलेला. मुलीनेच चौकशी केली. कल्याण पश्चिमेला एक गृहस्थ जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. पुढच्या शनिवारी मी कॅसेट रुमालात गुंडाळून गेलो. छोटा गाळा, भिंतभर अॅम्प्लिफायर उघडे पडलेले. गृहस्थ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी कॅसेट उजेडात धरून पाहिली, एक चाक पेन्सिलीने फिरवलं, आणि लावली.

म्हातारा गायला लागला. मी किती वर्षांनी ऐकत होतो. गाळ्याबाहेर रिक्षांचा गोंगाट होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. गृहस्थ मात्र मान तिरकी करून ऐकत होते. त्यांनी बाजूची पेटी उघडून एक पट्टी दाबली, मग दुसरी.

"काका, ही टेप स्लो आहे."

"म्हणजे?"

"स्पीड कमी आहे. आणि कॅसेट खराब नाहीये, रेकॉर्डिंगच तसं झालंय. कुठून भरलेली ही?"

मी भावाचं आणि प्लेअरचं सांगितलं. त्यांनी लगेच मान डोलावली. "तेच. तिकडची वीज सेकंदाला साठ सायकलची, आपली पन्नासची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बरोबर होतं, पण मोटर त्या सायकलवर फिरते. ती हळूच फिरणार. तुमच्या सगळ्या कॅसेटी अशाच असतील. थांबा, कॉम्प्युटरवर घेऊन सरळ करतो."

मला वाटलं, आवाज जरा साफ होईल. त्यांनी गाणं उतरवलं, काहीतरी आकडा टाकला आणि बटण दाबलं.

एक बाई गायला लागली.

मला वाटलं त्यांनी दुसरंच काही लावलं. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "नाही हो, तेच आहे," आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. तीच गिटार, तोच सुरुवातीचा खरखराट, आणि मग बाई. तरुण बाई, वीस-पंचवीसची असावी. आवाज भरदार, घोगरा, पण बाईचाच, यात शंका नाही. ती थांबत वगैरे नव्हती. म्हाताऱ्याचे ते लांब श्वास आता नुसते साधे श्वास होते. आणि "रिव्हर" पण नव्हतं. ती "फीवर" म्हणत होती, ताप.

"तुम्ही हिला पुरुष समजत होतात?" गृहस्थांनी विचारलं. कुचेष्टेने नाही, सहज.

"म्हातारा समजत होतो," मी म्हणालो.

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "पुन्हा स्लो करून देऊ का? का दोन्ही देऊ?"

मी दोन्ही म्हणालो. त्यांनी सरळ केलेलं गाणं आपल्या फोनला ऐकवलं, आणि फोनने पाच सेकंदांत नाव सांगितलं. बाईचं नाव, गाण्याचं नाव, फोटोसकट. मोकळे केस, कपाळाला पट्टी, तोंड उघडून हसणारी मुलगी. मी फोटो पाहिला, आवाज ऐकला, तिसरीकडे माझ्या डोक्यात तो हॅटवाला बसलेला. तीन गोष्टी एका जागी बसेनात. मी आभार मानले आणि चप्पल न घालता बाहेर पडलो. गृहस्थांनी हाक मारून परत बोलावलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं की, नाव कळलं." तिचं बरोबर होतं. मला मात्र कोणीतरी गेल्यासारखं वाटत होतं आणि कोण गेलं ते सांगता येत नव्हतं. जो नव्हताच तो जाणार कसा? दुसऱ्या दिवशी मी सरळ केलेलं गाणं पुन्हा लावलं. चांगलं होतं. खरं तर फार चांगलं होतं. पण ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग सावकाश वाजणारं लावलं, तर त्यात आता मधेमधे बाई ऐकू यायला लागली. म्हणजे तेही गेलं.

पण माझी खरी अडचण मित्राची होती. त्याला सांगायचं की नाही? आमची गाठ पडून सहा-सात वर्षं झाली होती. शेवटची भेट त्याची आई गेली तेव्हाची. भांडण काही नाही, फक्त फोन करायचा राहून जातो तसा राहून गेला. कोळीवाड्यातल्या घराच्या वाटण्या झाल्यावर तो आंबिवलीला राहायला गेला होता. मला वाटत होतं, त्याच्या बापाच्या वेळचा तो आधार, तो मी जाऊन काढून घ्यायचा का? आणि न सांगावं तर मग मी एकट्याने हे घेऊन बसायचं. चार दिवस मी येरझाऱ्या घातल्या. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही नुसते भेटून या. सांगायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघा." मी फोन केला. त्याने हॅलोच्या जागी, "बोल रे, मेलायस की काय मला वाटलेलं," असं म्हटलं.

आंबिवलीला स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत त्याचं घर. तळमजला, पुढे कढीपत्त्याचं झाड. तो जाड झाला होता, दाढी पांढरी. बायको मुलाकडे गेलेली, म्हणून चहा त्यानेच केला. गिटार भिंतीला टांगलेली होती, तारा सैलच. गुडघे, साखर, कोण गेलं, कोण आहे, असं तासभर झालं. मी विषय काढत नव्हतो. शेवटी त्यानेच विचारलं, "तुझ्याकडे ती चार नंबर आहे का अजून?"

"आहे," मी म्हणालो. आणि कप उगाच हातात फिरवला.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. कल्याणला एकाकडे दिलेली, उतरवायला. तो म्हणाला, टेप स्लो आहे."

"मग? बाई निघाली ना?"

मी कप खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"वीसेक वर्षं झाली असतील. आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला होता, त्याला मी दोन नंबर ऐकवलेली. तो बोलला, उस्ताद, हे सगळं खाली का वाजतंय? मग मी बाकीच्या पण ऐकवल्या, म्हाताऱ्याचं गाणं वाजवून दाखवलं, आणि त्याने कुठून तरी खरी गाणी आणून दिली, म्हाताऱ्याचं पण. आपले ते दोघे भाऊ पण एकच माणूस आहे. एकट्यानेच दोनदा वाजवलंय. आणि तो लोहार, तो तर सुसाट वाजवतो. मी वेडा झालेलो ऐकून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आणि तू त्या म्हाताऱ्याबद्दल इतकं बोलायचास. म्हटलं, कशाला."

मला काही कळेना. मी म्हणालो, "अरे, मी कुठे? तुझा होता तो. तुझे बाबा गेले तेव्हा तू महिनाभर तेच ऐकत होतास."

"हो, तेव्हा ऐकलं. म्हणून तर नंतर मला ती कॅसेट नको झालेली. ती लावली की जाळ्यांचा वास यायचा आणि बाबा आठवायचे. तुझ्या लग्नानंतर तुला देऊन टाकली, सुटलो."

इतकी वर्षं मी समजत होतो की त्याने मला स्वतःजवळचं काही दिलं. त्याने दिलं होतं ते त्याला सहन न होणारं. मला राग आला का? थोडा आला. पण कोणावर ते ठरवता येईना. त्याने तर खोटं काहीच सांगितलं नव्हतं. "ठेव रे" एवढंच म्हणाला होता.

त्याच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "आई तेव्हाच बोललेली."

"काय?"

"ती बाय कनाला ररते रं, असं. आपण दोघं जाळ्यांच्या खोलीत बसलेलो, ती दारातून जाताना बोलली. आपण हसलो तिला. म्हाताऱ्याला बाई म्हणते म्हणून."

त्याच्या आईचा आवाज, तिची ती बोली, मला लगेच ऐकू आली. म्हणजे, ती बाई कशाला रडते रे. पण तसं काही घडल्याचं मला आठवत नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, घडलं, तू होतास. मी म्हणालो, नव्हतो. मग तोही जरा विचारात पडला आणि म्हणाला, "का मला नंतर वाटलं तसं? बाई निघाल्यावर? तसंही असेल." त्याची आई गेली आहे. हे आता कोणाला विचारणार?

मग त्याने फोन काढला. म्हणाला, "तुला एक दाखवतो. ही अजून आहे. ऐंशीच्या घरात असेल. मधे गाणं सोडलेलं, आता कधीतरी बसते." पडद्यावर एक वृद्ध बाई आली. बारीक कापलेले पांढरे केस, साधी खुर्ची, मागे कसलीशी लाकडी भिंत, समोर थोडीच माणसं. तिने तेच गाणं सुरू केलं. वयाने तिचा आवाज खाली उतरला होता, आतून खरवडला होता. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची, दम घ्यायला. मग पुढची ओळ.

मित्र माझ्याकडे पाहत होता. "आला की नाही तुझा म्हातारा?"

मला हो म्हणायचं होतं. तिच्या थांबण्यात काहीतरी होतं, एका जागी तर मी खुर्चीवरून पुढे सरकलो. पण गाणं पुढे गेलं तसं वाटलं, नाही, हा तो नाही. ही खरोखरची थकलेली आहे. आमचा थकलेला नव्हता, तो नुसता सावकाश होता. मी म्हणालो, "जवळ आहे. पण नाही."

"अरे, तोच आहे. नीट ऐक."

त्याने पुन्हा लावलं. मी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या खेपेला मला वाटलं की असेल. तिसऱ्या खेपेला पुन्हा नाही. मित्राला गंमत वाटायला लागली. तो म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वी पण तू असाच होतास. नावाडी बोललो तर स्टेशन मास्तर बोलायचास."

व्हिडिओच्या खाली लिहायला जागा होती. तिथे लोकांनी तिला दोन-दोन ओळी लिहिलेल्या. मित्र म्हणाला, आपण पण लिहू. तुझं इंग्लिश चांगलं आहे, ऑफिसात पत्रं लिहायचास. मी फोन घेतला आणि बसलो. बाई, आम्ही तुम्हाला पुरुष समजत होतो, असं कसं लिहिणार? वीज कमी सायकलची होती, हे लिहावं? मी एक वाक्य लिहिलं, मित्राने वाचून घेतलं आणि म्हणाला, "हे वाचून ती पोलिसात जाईल." मी पुसलं. मग त्याने मराठीत सांगायचं आणि मी इंग्लिश करायचं असं ठरलं. तो म्हणाला, "लिही, आमचा बाप गेला तेव्हा तुम्ही होतात." मी ते लिहिलं. मग त्यालाच ते बरोबर वाटेना. "ती कुठे होती रे तिथे," तो म्हणाला, "तो होता." मी म्हणालो, "तो कुठे होता?"

चहा पुन्हा झाला. शेवटी आम्ही लिहिलं की आम्ही ठाण्याचे दोन मित्र आहोत, तरुणपणापासून तुमचं गाणं ऐकतो, आमच्याकडे ते थोडं वेगळं ऐकू यायचं, आणि आम्हाला ते आवडायचं. मित्राने अंगठ्याने बटण दाबलं. ते गेलं की नाही हे दोघांनाही नीट कळलं नाही, मग थोड्या वेळाने तळाला आमच्या ओळी दिसल्या.

त्याला आता दोन महिने होत आले. मी मधल्या काळात तीनदा आंबिवलीला जाऊन आलो, तो एकदा बायकोला घेऊन आमच्याकडे आला. उत्तर काही आलेलं नाही. मुलगी म्हणते, ती बाई स्वतः कशाला वाचेल, तिची माणसं असतात. असतील. मी तरी दिवसातून एकदा पाहतो. ती काय लिहील, आणि ते वाचताना मला आवाज कोणता ऐकू येईल, ते काही मला सांगता येत नाही.